यंत्रावर हात नव्हता: कोथरूडमधल्या एका घराचं प्रकरण

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार, सकाळचे सव्वानऊ. कोथरूडमधल्या एका शाळेतलं मतदान केंद्र. बाबा आत गेले ते बाहेर यायचं नावच घेईनात. त्यांच्या मागून आत गेलेली आई बोटावरची शाई वाळवत व्हरांड्यात आली, तरी यांचा पत्ता नाही. शेवटी आले.

"अहो, एवढा वेळ काय करत होतात आत?"

"हात शोधत होतो."

हात नसणार हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. आघाडीत कोथरूडची जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली होती, म्हणजे मशाल. समोर भाजपचं कमळ, तिसरीकडे मनसेचं इंजिन. २०१९ लाही विधानसभेला इथं हात नव्हता. तेव्हा तर काँग्रेस-राष्ट्रवादीनं मनसेच्या उमेदवाराला पाठिंबा दिला होता आणि बाबांनी दातओठ खात इंजिनाचं बटण दाबलं होतं. गाय-वासरू होतं तेव्हा गाय-वासरू, हात आल्यावर हात, असं १९७१ पासून एकाच पक्षावर शिक्का मारत आलेला हा माणूस. त्याचा पक्षच यंत्रावर नसेल तर त्याची निष्ठा नेमकी कशावर टेकते, हा या प्रकरणाचा प्रश्न.

घर माझंच आहे, त्यामुळे तटस्थपणाचा आव आणत नाही. घरच्यांनी लिहायला हरकत घेतली नाही, अट एकच घातली: नावं नकोत. माझं मत कुठं जातं ते मी सांगणार नाही. मी राज्यशास्त्र शिकवतो आणि विद्यार्थी वाचतात. शिवाय या घरात मतं असणारी माणसं पुरेशी आहेत. बायको सोलापूरची, ती "तुमचं चालू द्या" म्हणून उठून जाते, आणि मला वाटतं या सगळ्यात शहाणी तीच.

दोन माहेरं

बाबा १९४८ चे, नारायण पेठेतल्या वाड्यात वाढलेले. आजोबा कॅम्पात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढच्याच वर्षी बाबा त्यातल्या एका बँकेत चिकटले. १९७१ ची लोकसभा हे त्यांचं पहिलं मत. तेव्हा मताला एकवीस वर्षं पुरी लागायची. अठरा झाली ती ६१ व्या घटनादुरुस्तीनंतर, १९८९ पासून. पुण्यात काँग्रेसचे उमेदवार मोहन धारिया होते. का दिलंत मत, असं विचारलं की बाबा दोन कारणं सांगतात, कायम याच क्रमानं: "एक, आमचं घरच काँग्रेसचं. दोन, इंदिराबाईंनी बँका घेतल्या."

म्हणजे घराण्याचा वारसा आणि धोरण, दोन्ही एकाच पेटीत. अशा वेळी कुठलं कारण खरं काम करतंय हे बाहेरून कळत नाही. ते कळायला दोन्ही कारणांनी एकमेकांच्या विरुद्ध ओढायला लागतं, आणि पुण्यानं बाबांना तशी संधी लगेचच दिली. जयप्रकाश नारायणांशी सरकारनं बोलावं असं जाहीरपणे म्हटल्यामुळे मार्च १९७५ मध्ये धारियांना केंद्रीय मंत्रिमंडळातून काढण्यात आलं. आणीबाणीत ते तुरुंगात गेले. १९७७ ला त्याच पुण्यातून उभे राहिले, पण जनता पक्षाकडून. ज्याला सहा वर्षांपूर्वी आपण निवडून दिलं तोच माणूस, तीच भाषणाची धाटणी, फक्त चिन्ह पलीकडचं. बाबांनी काय केलं? गाय-वासरू. आणीबाणी त्यांना आवडली होती असं नाही. युनियनमधल्या दोन मित्रांना पोलिसांनी उचललं तेव्हा ते आठवडाभर नीट जेवले नव्हते, हे आई सांगते. तरी गाय-वासरू.

आईचं माहेर सदाशिव पेठेतलं, जनसंघाचं. त्यांच्या देवघरात पणती तेवायची आणि मतपत्रिकेवरही पणतीच असायची. आणीबाणीत माझा मामा सत्याग्रह करून येरवड्यात जाऊन बसला. आईचं लग्न १९७४ चं, लोकसभेचं पहिलं मत १९७७ चं, आणि ते धारियांना. म्हणजे १९७१ ला बाबांनी निवडलेल्या माणसाला १९७७ ला आईनं निवडलं आणि बाबांनी विरोध केला. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक निवडणुकीला दोघं बरोबर जातात, बरोबर रांगेत उभे राहतात, आणि येताना पौड रोडवर इडली खातात. आई म्हणते, "आम्ही एकमेकांचं मत खोडून येतो."

धोरणाचं काय होतं

आता धोरणाकडे बघू, कारण गंमत तिथं आहे.

१९९१ ला काँग्रेसच्याच सरकारनं आर्थिक धोरणाची दिशा फिरवली. बाबांना पक्षाशी जोडणारं जे दुसरं कारण, त्याच्या बरोबर उलटी ही वाट. बाबा संपात उतरले, लक्ष्मी रोडवर शाखेच्या पायरीवर उभं राहून त्यांनी घोषणा दिल्या. मी तेव्हा शाळेत होतो, मला तो बसलेला घसा आठवतो. आणि १९९६ ला? हात. विचारलं तर म्हणाले, "तेव्हाची गरज होती ती. देशाचं सोनं गहाण पडलं होतं." ज्या धोरणाविरुद्ध घसा फोडला, त्याच धोरणाचा बचाव पाच वर्षांत त्याच घशातून निघाला. मध्ये काही वाचलं, पटलं, म्हणून तो बदल झाला असं मला दिसलं नाही. पक्ष सरकला तसे बाबा सरकले, आणि आपण सरकलो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आईची गोष्ट वेगळी नाही. पुण्यात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांना मिळकतकरात ४० टक्के सवलत १९७० पासून होती. लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, सवलत गेली, आणि लोकांच्या हातात फुगलेली बिलं आली. आमचंही आलं. जेवणाच्या टेबलावर ते एकच बिल दोघांनी वाचलं. बाबांच्या मते हे "यांच्या सरकारचं" काम, आईच्या मते "महापालिकेतल्या बाबूंचं". त्या काळात राज्यात आधी युती, मग आघाडी, मग पुन्हा युती अशी सरकारं येऊन गेली होती आणि महापालिकेत २०१७ ते २०२२ भाजप होता. त्यामुळे ज्याला ज्याच्याकडे बोट दाखवायचं त्याला पुरेल एवढा माल दोन्ही बाजूंना पडला होता. मार्च २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सवलत परत आणली. आई लगेच: "बघा, आमच्यांनी दिली." बाबा: "काढली कोणी होती?" सवलत पदरात पाडायला पीटी-३ नावाचा फॉर्म भरून द्यायचा होता. तो मी भरला. कागदपत्रं गोळा करायला दोघंही आले नाहीत, वाद मात्र महिनाभर चालला.

मेट्रोचं तेच. वनाज ते गरवारे कॉलेज ६ मार्च २०२२ ला सुरू झाली. बाबा आठवड्यातून तीनदा तरी बसतात, एसीत पेपर वाचतात आणि उतरताना "प्रस्ताव आमच्या काळातला" असं कुणालाही सांगतात. आई म्हणते, "उद्घाटन कोणी केलं ते सांगा." गाडी दोघांना आवडते. त्या गाडीमुळे एकाचंही मत तसूभर हललेलं नाही.

टेकडीवर मात्र घडी विस्कटते. बालभारतीपासून पौड फाट्याकडे टेकडीवरून सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता काढायचा महापालिकेचा बेत जुना आहे. लॉ कॉलेज रोडवरची कोंडी सुटेल हे त्याचं कारण. वेताळ टेकडी खरवडली जाईल हा आक्षेप. एप्रिल २०२३ मध्ये टेकडी वाचवा म्हणून मोठा मोर्चा निघाला. त्या मोर्चात माझी आई होती, कमळवाली आई. गुडघ्याला पट्टा बांधून, हातात पाण्याची बाटली घेऊन. तीस वर्षं रोज पहाटे ती त्या टेकडीवर चढते. आणि बाबांना, हातवाल्या बाबांना, रस्ता हवा आहे, कारण नळस्टॉपच्या सिग्नलला त्यांची रिक्षा अर्धा अर्धा तास अडकते. म्हणजे या एका प्रश्नावर दोघं आपापल्या पक्षाच्या हिशेबानं नव्हे, तर आपापल्या गुडघ्यांच्या आणि रिक्षाभाड्याच्या हिशेबानं बोलतात. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली, स्वतःच्या पायांनी तुडवलेली गोष्ट असली की माणूस पक्षाला विचारायला जात नाही. पण म्हणून मतदान बदललं का? मोर्चाहून आल्यावर मी आईला विचारलं, आता कमळाला देणार का? ती चपला काढत म्हणाली, "त्याचा आणि मताचा काय संबंध?"

हे वाक्य मी वर्गात कित्येकदा वापरलं आहे.

अभ्यासक काय म्हणतात

१९६५ मध्ये अमेरिकेत जेनिंग्ज आणि नीमी या दोघांनी हायस्कूलच्या शेवटच्या वर्गातली मुलं आणि त्यांचे आईवडील यांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारले. पक्षाच्या बाबतीत मुलं आणि पालक बऱ्यापैकी जुळले. शाळेत प्रार्थना असावी का, काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा एक कराव्यात का, अशा धोरणांवर ते खूपच कमी जुळले. त्याच मुलांना पुढे १९७३, १९८२ आणि १९९७ मध्ये पुन्हा गाठलं गेलं. आईवडील एकाच पक्षाचे असतील तर वारसा घट्ट उतरतो आणि दोघं दोन दिशांना असतील तर पातळ, हेही दिसलं. माझ्या पिढीचं आमच्या घरात काय झालं हे त्यावरून ओळखा. मी सांगणार नाही म्हटलंच आहे.

२००३ मध्ये जेफ्री कोहेन यांनी विद्यार्थ्यांना सरकारी मदतीच्या योजना वाचायला दिल्या, एक उदार आणि एक कंजूष. कुठली योजना आपल्या पक्षाची असं सांगितलं जाई, त्या योजनेला विद्यार्थी पाठिंबा देत. आत काय लिहिलंय याला फारशी किंमत उरली नाही. वर प्रत्येकाचं म्हणणं असं, की मी तर मजकूर बघूनच ठरवलं. बाबांचं "सोनं गहाण पडलं होतं" मला इथं ऐकू येतं.

याच्या उलट बाजूला मॉरिस फिओरिना. त्यांच्या मते पक्षनिष्ठा म्हणजे मतदारानं मनात ठेवलेली खतावणी: सरकारनं काय दिलं, काय बुडवलं, जमाखर्च रोज पुढे ओढत न्यायचा. हे मला पटायला हवं, आमचं घर बँकेचं. पण आमच्या टेबलावर खतावणी लिहिणाराच पक्षाचा माणूस असतो. मिळकतकराचं बिल बाबांच्या वहीत एका खात्याला नावे पडतं, आईच्या वहीत दुसऱ्याच.

भारतात हे सगळं जसंच्या तसं लावता येत नाही, हेही खरं. इथं पक्ष फुटतात, जुळतात, चिन्हं गोठतात. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. धनुष्यबाण एका गटाकडे, मशाल दुसऱ्याकडे, घड्याळ एका काकांच्या घरातून पुतण्याच्या घरात. ज्यांच्या वडिलांनी त्यांना "घड्याळ" दिलं होतं त्यांना अचानक ठरवावं लागलं की बापानं आपल्याला चिन्ह दिलं, नाव दिलं की माणूस दिला. प्रदीप छिब्बर आणि राहुल वर्मा यांचं म्हणणं असं, की भारतीय मतदार विचारसरणीशिवाय मत देतो हा गैरसमज आहे. फक्त वाद रस्ते-पाण्यावर नसून दोन खोल प्रश्नांवर असतो. समाजाच्या रीतींत आणि संपत्तीच्या वाटपात सरकारनं किती हात घालावा, आणि मागे राहिलेल्या किंवा संख्येनं लहान गटांना वेगळं संरक्षण द्यावं की नाही. हे मला आमच्या घरात लख्ख दिसतं. टेकडीवर आई-बाबा कसेही उलटेसुलटे असोत, आरक्षणाचा किंवा देवस्थानांचा विषय निघाला की दोघं आपापल्या पेठेत परत जाऊन बसतात. आईचं "त्याचा आणि मताचा काय संबंध" हे अज्ञान नाही. तिच्या लेखी टेकडी हा महापालिकेचा विषय आहे आणि मत हा आपण कोण याचा.

भाऊबीज

मतदानाच्या अडीच आठवडे आधी, ३ नोव्हेंबरला, भाऊबीज होती. दरवर्षीसारखे आम्ही आत्याकडे नारायण पेठेत गेलो. आत्या चौऱ्याऐंशी वर्षांची, ऐकायला कमी, आठवण मात्र शाबूत. ओवाळून झालं, करंजीचा पहिला तुकडा तोंडात गेला आणि बाबांनी आपलं नेहमीचं सुरू केलं: या वेळी हात नाही, आमच्या काँग्रेसच्या घरावर ही वेळ आली, दादा असते तर काय म्हणाले असते. आजोबांना ते दादा म्हणत.

आत्यानं निरांजन बाजूला ठेवलं. "कोणी सांगितलं तुला दादा काँग्रेसचे म्हणून?"

"अगं, पंडितजींचा फोटो होता की ओटीवर."

"तो आईनं लावलेला. कॅलेंडर संपलं तेव्हा चित्र फेकवेना म्हणून चौकट केली. दादांनी सत्तावन्नला समितीला मत दिलं. मी सोबत होते केंद्रापर्यंत. आईनं वाटेत विचारलं कुठं टाकायचं, तर म्हणाले, झोपडीच्या पेटीत टाक आणि घरी येऊन बोलू नको."

तपशील खोटा वाटत नाही. १९५२ आणि १९५७ ला मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, कोरी चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. झोपडी हे प्रजासमाजवादी पक्षाचं चिन्ह. संयुक्त महाराष्ट्र समिती फेब्रुवारी १९५६ मध्ये पुण्यातच स्थापन झाली होती आणि १९५७ ला पुण्यातून समितीचे नानासाहेब गोरे लोकसभेवर गेले. आजोबा सरकारी नोकर. राजकारणाचा वास आला तरी नोकरीवर बालंट यायचं. म्हणून ते घरात गप्प राहिले. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. त्यांनी गप्प बसलेला बाप पाहिला, भिंतीवरचे नेहरू पाहिले आणि मधली गाळलेली जागा स्वतःच भरली.

"आणि सदुसष्टला एसेम जोशींना," आत्या म्हणाली. "ते तर मला स्वतःहून सांगून गेले."

बाबांनी करंजी ताटलीत ठेवली. परत येताना रिक्षात ते लकडी पूल संपेपर्यंत बोलले नाहीत.

ओजेडा आणि हटेमी या अभ्यासकांनी २०१५ मध्ये नेमकं हेच दाखवलं होतं: आईवडिलांचा पक्ष कोणता हे पुष्कळ मुलांना चुकीचं वाटत असतं, आणि मुलं उचलतात ती त्यांना वाटणारी निष्ठा, असलेली नव्हे. मी हा निष्कर्ष वर्षानुवर्षं शिकवत आलो. तो माझ्या बापाच्या ताटलीत पडलेला असेल असं कधी मनात आलं नाही. सत्तर वर्षं जपलेलं "आमचं घरच काँग्रेसचं" हे पहिलं कारण एका कॅलेंडरवर उभं होतं. दुसरं, बँकांचं, काँग्रेसनंच १९९१ ला मागे सोडलं होतं. दोन्ही कारणं गेली तरी मत उभंच.

मग उभं कशावर? माझं उत्तर मला २० तारखेच्या सकाळी मिळालं. बाबांनी मशाल दाबली. ज्या शिवसेनेला त्यांनी साठच्या दशकापासून शिव्या घातल्या, जिच्या बंदमध्ये त्यांच्या शाखेच्या काचा फुटल्या, तिच्या एका तुकड्याला. २०१९ ला इंजिन, २०२४ ला मशाल. चिन्ह दर वेळी निराळं, एक गोष्ट कायम: कमळ नाही. त्यांची निष्ठा गेल्या काही वर्षांत कोणाकडे जायचं यापेक्षा कुठं जायचं नाही याची उरली आहे. आणि ते "नाही" बापाकडून आलेलं नाही. ते पंचेचाळीस-पन्नास वर्षं समोर बसून जेवणाऱ्या बायकोशी वाद घालता घालता मुरलं आहे. वारसा वरून खाली येतो असं आपण धरतो. आमच्या घरात तो टेबलाच्या पलीकडून आला.

मुलगी

माझी मुलगी एकोणीस वर्षांची. तिचं पहिलं मत १३ मे २०२४ चं, लोकसभेचं. एलियास डिनास या अभ्यासकाचं एक निरीक्षण आहे: रोज राजकारण बोलल्या जाणाऱ्या घरातली मुलं पक्ष लवकर उचलतात, पण कान तयार झालेले असल्यामुळे घराबाहेर पडल्यावर सोडतातही लवकर. ती आजोबांबरोबर मेट्रोनं कॉलेजला जाते आणि आजीबरोबर टेकडीवर. ऑक्टोबरमध्ये तिनं फ्रिजवर एक कागद लावला. वर तीन चिन्हं काढली, डाव्या बाजूला चार ओळी: टेकडी, पीएमपीच्या बस, नदीकाठ, वसतिगृहं. उमेदवारानं लेखी काही म्हटलं असेल तर चौकोनात लिहायचं, भाषणातलं धरायचं नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्रीपर्यंत बारापैकी दोन चौकोन भरले होते. आईनं त्या कागदावर दुधाचा हिशेब लिहिला, म्हणून भांडण झालं ते वेगळं.

तिच्याबद्दल अंदाज बांधायचा मोह मी आवरतो. रिकाम्या दहा चौकोनांसमोर ती काय करेल, कागद फाडून आजीच्या नाहीतर आजोबांच्या पेठेत जाईल, की दर वेळी नवा कागद लावेल, हे एका निवडणुकीत दिसत नाही.

त्या दिवशी इडली खाताना बाबांनी तिला विचारलं, "काय गं, कुणाला दिलंस?"

"गुप्त मतदान असतं, आजोबा."

आईनं चटणीची वाटी पुढे सरकवली आणि तिचा कौल घ्यायचा प्रयत्न केला: "मला तरी सांग." मुलगी हसली, मान हलवली, आणि इडलीकडे वळली. बाबा तिच्या शाई लागलेल्या बोटाकडे बराच वेळ बघत होते.

"दादांवर गेली आहे," ते म्हणाले.